मटकी पास करणारा दिनकर

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात वाटूरहून दिनकरच्या धाकट्या भावाचा फोन आला. "सुधाकरभाऊ, दादाच्या गाडीला धडक बसली... फाट्यावर. दादा न्हाई राह्यला." मी त्याला दोनदा विचारलं, कोणता दादा? अशा वेळी माणूस किती मूर्खासारखं बोलतो. त्याला एकच दादा होता, आणि मलाही जालन्यात जिवाभावाचा म्हणावा असा एकच मित्र होता. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार मी तेव्हा कुणालाही सांगितला नाही, तो आज पाच आठवड्यांनी लिहितो आहे. अरे, याचं हृदय तर ठणठणीत होतं... मग मी याला दोन वर्षं भजी का खाऊ दिली नाहीत?

दिनकर आणि मी एमआयडीसीतल्या एकाच बियाणे कंपनीत. तो प्रयोगशाळेत, मी माल पाठवण्याच्या विभागात. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, मोड मोजायचे आणि माल पास की फेल ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याने पास म्हटल्याशिवाय माझ्याकडून एक पोतं हलत नसे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पितळी कडीचं छोटं भिंग कायम असायचं. दर बुधवारी नमुने घेऊन तो शहरातल्या तपासणी कार्यालयात जायचा आणि कागदपत्रं सांभाळायला त्याच्या मोटारसायकलवर मागे मी. काम उरकलं की जेवायला बसस्टँडमागच्या खाऊगल्लीत. मी कारकुनाचा मुलगा, गाडीवरचं खाणं म्हणजे दुखणं विकत घेणं, असं ऐकत वाढलेला. पहिल्या दिवशी मी रुमालाने बाकडं पुसायला लागलो, तर हा म्हणाला, "सुधाकरराव, बाकडं खायचं न्हाई, भाकर खायची हाये. बसा जल्दी." पुढे सुधाकररावचा सुध्या व्हायला महिनाभरही लागला नाही.

भर दुपारी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तारखेला आलेली कोर्टातली माणसं, एसटीतून उतरून पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाया, लोखंडाच्या कारखान्यांतून मोटारसायकलवर आलेले, हात धुऊनही काळेच राहिलेले कामगार... आणि शेवटच्या कोपऱ्यात कमलताईंचा गाडा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि कढईतून निघणारी हाताएवढी मिरचीभजी. पुढच्या उसळीसाठी मोड आणलेली मटकी गाड्याखाली ओल्या फडक्यात बांधलेली असे. पहिल्याच दिवशी दिनकरने ते फडकं सोडलं, भिंग काढलं, पाच-दहा दाणे तळहातावर घेतले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ताई, फेल हाये ही. जुनं बी हाये, अर्ध्याला मोडच न्हाई."

कमलताई झारा घेऊनच वळल्या. "तुमाला खायची हाये का पेरायची?"

मी उठायच्या बेतात होतो. पण पुढच्या बुधवारी ताईंनी दुकान बदलून नवी मटकी आणली होती, आणि आम्ही बसायच्या आत फडकं त्याच्यासमोर ठेवलं. "बघा आता." त्याने भिंग लावून बघितली. "पास. वाढा!" तेव्हापासून तो रिवाजच पडला. बुधवारी दिनकरने पास म्हटल्याशिवाय ती मटकी चुलीवर चढत नसे, मग शेजारच्या बाकड्यावरचं गिऱ्हाईक कितीही खोळंबू दे. लोकांना वाटायचं, हा कुणी सरकारी साहेब आहे. हाही खुशाल वाटू द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी सुनंदावहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. "भावजी, माझं हे बिलकुल ऐकत न्हाईत. बुधवारी तुम्ही संगं असता. तळलेलं खाऊ देणार न्हाई, असा शब्द द्या मला." मी दिला. आणि दिला तो असा पाळला की खाष्ट सासूनेही माझ्याकडे शिकवणी लावावी. ज्याने मला त्या गल्लीत खायला शिकवलं, त्याच्याच ताटावर मी पहारा ठेवू लागलो. भजी माझ्याही ताटात नसत, एवढं मात्र खरं. तो कढईकडे तोंड करून बसायचा. मी त्याला उठवून दुसऱ्या बाजूला बसवायचो. "अरे, वास तरी घेऊ दे," तो म्हणायचा, "वासाला कुठं तेल लागतं?"

शेवटच्या बुधवारी त्याने भाकरीच्या ताटाशेजारी हृदयाच्या तपासणीचा कागद उलगडला. डॉक्टर म्हणाले होते, सगळं बराबर आहे, कधीमधी एखादं चालेल. "बघ सुध्या, पास झालो! आता एक मिरचीभजं. एकच. निम्मं तू घे."

कागद मी नीट वाचला. त्यात नाही म्हणण्यासारखं काहीही नव्हतं. पण नाही म्हणायची मला सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर त्याने माझं ऐकावं हे मला आवडायलाही लागलं होतं. मी म्हणालो, "संक्रांत होऊ दे, मग बघू." तो हसला. कागदाची घडी करून त्याने खिशात भिंगाशेजारी ठेवली आणि पाणी प्यायला. त्यानंतर चौथ्या दिवशी वाटूरहून फोन आला.

तेराव्याला वहिनींनी ते भिंग माझ्या हातात ठेवलं. काच फुटलेली नव्हती. "तुम्ही होतात म्हनून दोन वर्षं नीट गेली," त्या म्हणाल्या. मला तिथं उभं राहवेना.

तो गेल्यापासून चार बुधवार मी त्या गल्लीकडे फिरकलो नाही. शहरात जायचो, काम करायचो आणि उपाशीच परत यायचो. मनात एकच आशा धरून होतो. दिनकर काही साधा नव्हता. मी रजेवर असेन तेव्हा तो एकटा येऊन भजी हाणत असणार, कमलताईंना डोळा घालून म्हणत असणार, सुध्याला सांगू नका. तेवढं एकदा कळलं असतं तर मला रात्री झोप लागली असती. परवाच्या बुधवारी न राहवून गेलो आणि ताईंना विचारलंच.

त्या झारा तसाच धरून उभ्या राहिल्या. "एकटे आल्ते ना, दोन-तीन खेपा. मी म्हनलं, घ्या की दादा एक, आज तुमचा पहारेकरी न्हाई. तर म्हनले, त्यानं शब्द दिलाय ताई. मी खाल्लं तर मी न्हाई, तो खोटा पडंल... मटकी-भाकर खाऊन गेले मंग."

मला त्याचा भयंकर राग आला. इतका शहाणपणा करायला तुला सांगितलं कुणी होतं, दिन्या? एकदा तरी मला फसवायचं होतंस. मी बाकड्यावर बसलो आणि भर गर्दीत रडलो. शेजारच्या माणसाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मी शांत झाल्यावर ताईंनी गाड्याखालून ओलं फडकं काढून समोर ठेवलं. "त्यायच्या मागं कुनीच बघितली न्हाई. बघता का?"

मला मोडातलं काही कळत नाही. मी आयुष्यभर फक्त त्याने पास केलेला माल पुढे पाठवला. तरी खिशातून भिंग काढलं, पाच-दहा दाणे तळहातावर घेतले. पांढरे, बारीक, वाकडे मोड होते. तो किती वेळ बघायचा तेवढा वेळ बघितलं.

"पास आहे, ताई. वाढा."

त्यांनी भाकरी-उसळ वाढली. मग कढईतून नुकतं काढलेलं एक मिरचीभजं झाऱ्यावर घेऊन माझ्या ताटावर धरलं. "आज एक देऊ का, भाऊ?"

"नको," मी म्हणालो. "संक्रांत होऊ द्या."