गाडीची उंची आणि माझी सीट

बोलायला कोणी नसलं की किस्से साठत जातात हो! भांडी घासताना एकेक हाताला लागतो. भाईंदरजवळच्या आमच्या मुर्धा गावातल्या गॅरेजचे तर किती!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मुलगी लग्न होऊन लातूरला, मुलगा आखातात. घरात मी आणि हे. ह्यांनी जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली, जवळच्या डोंगरी गावातल्या कोळ्यांकडून मासळी आणायला. वाटेत मिठागरांचा चिखल, साधी गाडी टिकायची नाही. शेजारच्या सीटवर मी. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं.

*

पहिला वाद टायरचा. नया नगरचा सलीम मिस्त्री म्हणाला, "भाभी, बडा टायर मतलब इज्जत!"

बसवले मोठे. स्टिअरिंग वळवलं की टायर मडगार्डला घासायचा. हे भाईंदर फाटकापर्यंत गेले, वळता येईना, म्हणून रिव्हर्समध्ये घरी आले!

सलीम म्हणतो, "सीधे आदमी की गाडी है, मुडेगी कैसे?"

*

मग टायरला जागा व्हावी म्हणून गाडी उंच करायची ठरली. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत लोखंडाचे जादा पाटे घातले. टायर घासतो का ते भरल्या गाडीवरच कळतं, म्हणून मागे बर्फाच्या लाद्या ठेवल्या. आणि हे नि सलीम भर उन्हात वाद घालत बसले. जेवले, परत वाद. तोवर बर्फाचं पाणी झालं, गाडी आपोआप वर आली. हे उंची मोजायची टेप नाचवत ओरडले, "बघ, पाटे सेट झाले!"

मी म्हटलं, "अहो, चपला भिजल्यात तुमच्या."

शेवटी वजन म्हणून मलाच मागे बसवलं. "हलू नकोस हं!" कोणाला तरी माझा उपयोग झाला, बरं वाटलं.

*

झाली गाडी उंच. डोंगरीचा इनास कोळी बघून म्हणाला, "काका, मासली गाडीत टाकायची हाय का माडावर चढवायची?"

मासळीच्या पाट्या चढवायला कोळणींनी स्टूल आणलं. मला स्टुलावरूनही सीटवर चढायला जमेना, गुडघे दुखरे. हे म्हणाले, "राहू दे. मी जाऊन येतो."

रोजच जाऊन यायला लागले. मी आमटीला फोडणी देताना कढईशी बोलायची. शेजारणीने खिडकीतून विचारलं, "पाहुणे आलेत का?"

मी म्हटलं, "हो. जेवूनच जातील."

*

एके सकाळी हे काळ्या हातांनी दारात उभे. "चल."

बाहेर बघते तर जादा पाटे जमिनीवर, टायर परत जुने, लहान. सलीमने डोक्याला हात लावलेला. "भाईसाब, कीचड में फसेगी!"

"फसू दे," हे म्हणाले. मी एका दमात चढले!

आणि फसलीच. मिठागरापाशी, अर्धी चाकं चिखलात. लांबून इनास दोर घेऊन धावत आला. "काकी, वढू काय?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पदराने वारा घेत म्हटलं, "थांब रे इनास. आत्ता तर कुठे बोलायला बसलोय!"