शिव्यांसकट

दहावीच्या सुट्टीत वडिलांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं तेव्हा मी चांगली आठवडाभर रुसले होते. मैत्रिणी पोहायला जात होत्या आणि मी खटाखटा 'इंग्लिश चाळीस'ची तयारी करत होते. त्याच चाळीसच्या जोरावर मला २००३ साली अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये तासावारी काम मिळालं. माझी संख्याशास्त्राची पीएच.डी. चालू होती आणि काम युनिव्हर्सिटीतच होतं. ज्या विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी अभ्यासातल्या चित्रपटांचे संवाद आणि गाण्यांचे शब्द ऐकून टाइप करायचे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की टेप जरा मागे जायची. बाहेर बर्फ आणि आत हीटर, त्यामुळे मी स्वतःला फार भाग्यवान समजत होते.

ऑफिसच्या प्रमुख पंचावन्नच्या पुढच्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या. गळ्यात क्रॉस, टेबलावर बायबल, रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या. माझा टायपिंगचा वेग बघून त्या खूश झाल्या आणि माझं काम तपासायच्या भानगडीत पडल्या नाहीत. तिथेच सगळं बिनसलं.

त्या सत्रात डेट्रॉइटच्या एका मुलीने एक कोर्स घेतला होता. ती स्वतः कृष्णवर्णीय होती आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कोर्स होता कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी, चित्रपट आणि त्यावरून उठलेली वादळं. म्हणजे या गाण्यांनी मुलं बिघडतात का, हे चित्रपट आपल्याच लोकांची बदनामी करतात का, यावर वर्गात कडाकडा वाद. तिच्यासाठी टाइप करायचं ते मी.

पहिल्या रॅप गाण्याच्या तीन ओळी ऐकल्या आणि हेडफोन काढून आजूबाजूला बघितलं, कोणाला ऐकू तर गेलं नाही ना! आमच्या घरात शिव्यांची मजल 'मेल्या' आणि 'गाढवा'च्या पुढे कधी गेली नव्हती. इथे ओळीला दोन शिव्या आणि बायकांबद्दल असं काही, की माझे कान तापले. घरी येऊन रूममेटला सांगितलं. ती पुण्याची, बिनधास्त.

"तू पण ना यार! हे सगळं टाइप करणार तू? सरळ स्किप कर ना. कोण चेक करतंय?"

मी स्किप केलं नाही. त्याहून वाईट केलं. मी ते सुधारून घेतलं. शिवीच्या जागी 'मित्रा', घाणेरड्या शब्दाच्या जागी 'मुलगी', आणि जिथे काहीच सुचलं नाही तिथे ओळच वळवली. गाण्यातला तो रांगडा गडी माझ्या हातून बँकेतल्या कारकुनासारखा अदबीने बोलायला लागला. वर मनात पुण्य केल्याचं समाधान! बिचारीला ऐकू येत नाही, मग ही घाण तिच्यापर्यंत आपण कशाला पोचवायची? असा माझा शहाणपणा. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग तिची वर्गात बोलायची पाळी आली. मी तिथे नव्हते, हे सगळं मला नंतर कळलं. प्रत्येकाने एक गाणं निवडून, ते बायकांचा अपमान करतं की नाही, यावर मत मांडायचं होतं. तिने नेमकं मी टाइप केलेलं गाणं निवडलं. माझ्या कागदाच्या भरवशावर ती वर्गातल्या दुभाषी बाईंमार्फत सांगत होती, की लोक उगाच आकांडतांडव करतात, हा माणूस तर किती मायेने बोलतोय. वर्ग हसायला लागला. तिला वाटलं, आपण काहीतरी गमतीदार बोललो, म्हणून तीही हसली. शेवटी गाणं लावलं गेलं. दुभाषी बाई ते सांकेतिक भाषेत दाखवू लागल्या, आणि त्या हातांतले शब्द तिच्या कागदावरच्या शब्दांशी जुळेनात. सगळ्या वर्गासमोर उभी असताना तिला कळलं, की आपल्या हातातला कागद खोटा आहे.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. चोराच्या मनात चांदणं. तिला दारात बघूनच मी उभी राहिले. ती हातांनी बोलत होती आणि आमच्या ऑफिसच्या बाई, ज्यांना सांकेतिक भाषा येत होती, तिचं बोलणं मला तिच्याच शब्दांत सांगत होत्या.

"माझे भाऊ गाडीत गाणी लावतात आणि हसतात. मी विचारते, काय म्हणतोय तो? ते म्हणतात, काही नाही गं, गाणं आहे नुसतं. आई म्हणते, तुला नको ते. एकवीस वर्षं हेच चाललंय. हा कोर्स मी एवढ्यासाठी घेतला, की इथे तरी मला कोणी गाळून सांगणार नाही."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल," मी पुटपुटले.

"वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते मी ठरवेन."

ती गेली. मला वाटलं, नोकरी गेली. बाईंनी मला झाडलं नाही, पण जे सांगितलं ते झाडण्यापेक्षा जड होतं. त्या तरुण असताना त्यांच्या चर्चने एका चित्रपटाविरुद्ध निदर्शनं केली होती. त्यात एक कृष्णवर्णीय बाई पिस्तूल घेऊन फिरते आणि नको तेवढे कपडे काढते. हातात फलक धरून बाई थिएटरबाहेर दोन तास थंडीत उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात चोरून तिकीट काढून आत गेल्या, आणि पुन्हा एकदा गेल्या.

"चित्रपट मला आजही आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती बाई ज्या ताठ मानेने चालायची, तशी चालणारी आपली बाई मी पडद्यावर आधी बघितलीच नव्हती. फलक धरला याची मला लाज वाटत नाही. न बघता धरला याची वाटते. ही गाणीही मी माझ्या घरात वाजू देत नाही. पण हे माझं घर नाही. बस इथे."

आणि त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. भराभर बोललेले शब्द मला कळेनात, तेव्हा त्या ऐकून सांगायच्या. गळ्यात क्रॉस घातलेली ती चर्चवाली बाई एकामागून एक शिव्या अशा सांगत होती, जशी आपण वाण्याची यादी सांगतो. मी टाइप करत होते. पहिला तास मान वर करायची सोय नव्हती. नंतर मात्र एक गंमत झाली. तीच ओळ वीस-वीस वेळा ऐकताना तिची बांधणी कानात शिरली. एका ओळीत चार यमकं, त्यातलं एक नेमकं शिवीवर बेतलेलं. मी शिवी काढली तशी अख्खी ओळ लंगडी झाली होती. एवढ्या वेगात तो श्वास कुठे घेत होता, देव जाणे. पेडल सोडून मी नुसती ऐकत राहिले. ते गाणं ओंगळ होतं आणि अफाट होतं, आणि ओंगळ पुसायच्या नादात मी त्यातलं अफाटही पुसून टाकलं होतं. मी ते बोलून दाखवलं तशी बाईंनी मान डोलावली. "तेच तर," म्हणाल्या.

त्या सत्रात मी केलेला कागदन् कागद आम्ही पुन्हा केला. तिला प्राध्यापकांनी दुसरी संधी दिली. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. या वेळी तिने सगळे शब्द स्वतःच्या हातांनी दाखवले, न गाळता, न लाजता, आणि दुभाषी बाईंनी ते मोठ्याने बोलून दाखवले. कोणी हसलं नाही. मग ती म्हणाली, हे गाणं माझा अपमान करतं, आणि ज्याने ते रचलं त्याची अक्कल बघून मी थक्क होते; यातलं एकच निवडा असं मला सांगू नका. मला तिचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. खरं तर अभिमान वाटण्याचा मला काडीचाही हक्क नव्हता.

पुढच्या सुट्टीत ती डेट्रॉइटला घरी गेली आणि परत आल्यावर ऑफिसात डोकावली. चेहरा असा, की कधी एकदा सांगते असं झालेलं. बाई तिचे हात बघत मला सांगू लागल्या. गाण्याचा कागद तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठ्या भावासमोर ठेवला. मला शेजारी बसवून तू हे ऐकतोस, तिने विचारलं. भाऊ म्हणाला, गाणं आहे नुसतं. ती म्हणाली, मग ही ओळ आईला वाचून दाखव. मग जे सुरू झालं ते दोन तास. आई मध्ये पडली, तिने दोघांनाही सुनावलं. भाऊ दार आपटून निघून गेला. रविवारपासून बोलत नाही.

"अरेरे," मी म्हणाले.

तिने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. एकवीस वर्षांत तो तिच्यावर कधी रागावलाच नव्हता; पहिल्यांदाच तिला न जपता बरोबरीने भांडला होता, आणि हे सांगताना ती नुसती फुलली होती.