पंप आणि पायगुण

ये वं, अशी जवळ सरक. फोनवरून काय जवळ सरकणार म्हणा, पण कान तरी जवळ आण. तू माझ्या सख्ख्या बहिणीची लेक, तुला मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय, म्हणून रागावते. परक्याला नसते बोलले. परवा तू सांगितलंस की तुमची ती मोठी गाडी बेसा चौकात भर रहदारीत बंद पडली, एकदा नाही, सारखी पडायला लागली, अन् शेवटी गॅरेजवाल्यानं इंजिनचा कॉम्प्युटर बदलून दिला. तिथवर ठीक. पण वरून हसत म्हणालीस, "मावशी, सून घरात आली अन् गाडीनं मान टाकली."

हसण्यावारी म्हणालीस, कबूल. पण मागे तुझी सून भांडी लावत होती, मला इकडे ऐकू येत होतं. तुझं वाक्य संपलं अन् भांड्यांचा आवाज थांबला. तुला नाही ऐकू आला तो थांबलेला?

माझ्या वेळी गाडीला कॉम्प्युटर नव्हता, पंप होता. डिझेलचा पंप. इंजिनाला किती पाजायचं अन् कधी पाजायचं, हे सगळं तोच ठरवायचा. म्हणजे गाडीचं डोकंच म्हण. सत्तर सालानंतरची गोष्ट. मी काटोलकडची, लग्न होऊन नागपुरात आले. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एकच ट्रक. हे तो चालवायचे. काटोलची संत्री भरायची, नागपूरच्या बाजारात उतरवायची. घर सगळं त्या ट्रकवर.

मी आले अन् महिन्याभरात ट्रक रुसायला लागला. सकाळी थंड असताना एका सेल्फात सुरू. दुपारी हे माल उतरवून घरी जेवायला यायचे, जेवून निघाले की मी पाण्याची कळशी द्यायला गाडीपाशी जायची, अन् नेमकी तेव्हा ती तापलेली गाडी नुसती घरघर करायची. मी आत गेले, गाडी निवली, की पुन्हा सुरू. आता सांग, बघणाऱ्याला काय दिसलं? मी दिसले.

मिस्त्री आला. चाकाजवळ तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी टाकली, नोझल बदलले, फिल्टर बदलला, पाइप बदलले. दुपारी गाडी पुन्हा बंद. त्याला काही सापडेना. मग त्यानं फडक्याला हात पुसले अन् मामाजींना विचारलं, "मालक, घरात नवीन मानूस आलं का हो इतक्यात?"

मी दाराआड होते. त्याची ती लाल दातांची बत्तिशी मला अजून दिसते. स्वतःला येत नाही म्हणायची लाज वाटते, तर माणसं दुसऱ्याच्या पायांकडे बोट करतात. मामाजींनाही ते बरंच पडलं. पंप विकत आणावा लागतो, पायगुण फुकट मिळतो.

मग घरात जे सुरू झालं, त्याची मला आजही शिसारी येते. रोज सकाळी चाकांखाली लिंबं. गाडी गेली की त्यांचा तो चेंदामेंदा, त्यावर माशा, अन् तो झाडायचा मीच. बंपरला काळी बाहुली. बॉनेटवर हळदकुंकू, त्यात डिझेल ओघळून काळा चिखल. गाडी निघायच्या वेळी सासूबाई ओरडायच्या, "आत जाय वं, गाडी निघून राहिली!" मी स्वयंपाकघरात दाराआड, जशी काही पाहुण्यांसमोर लपवायची घाणेरडी चादर.

एकदा भरली गाडी वाटेतच अडकली. त्या खेपेला निवली तरी सुरू होईना. तीन दिवस उन्हात उभी राहिली अन् घरी ओढून आणली तेव्हा फळ्यांमधून रस गळत होता. गांधीलमाश्या. खालच्या थरात पांढऱ्या बुरशीचा लगदा, हात घातला की कोपरापर्यंत कोमट. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या पायानं सडले, तूच निवड." निवडले. नखांतला वास भाकरीला लागायचा, मी तीच भाकरी खायची. ह्यांनी ते पाहिलं अन् आंघोळीला गेले.

शेवटी मामाजींनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "पोरीले घेऊन जा गा काही दिवस. गाडी सुधरते का पाहू." समजलीस ना? नोझल काढून पाहिलं, फिल्टर काढून पाहिलं, तसं मला काढून पाहिलं.

माहेरी आई नुसती माझ्याकडे बघून डोळे पुसायची. शेजारच्या बाया मात्र बोलायच्या. "काहून आली वं? कधी जाणार?" मला एकच कळत होतं, ती गाडी मी नसताना धड चालली तर मी कायमची इथलीच.

अन् एके दिवशी सकाळी ट्रक आमच्या गावात आला. हे संत्री भरायला आले होते, चहाला घरी टेकले. चेहरा खुलला होता. म्हणाले, "गाडी झकास झाली. शहरातल्या पंपवाल्यानं खोट पंपातच काढली, नवा बसवून घेतला." मग मान खाली घालून, "पण बाबा म्हणतात, आणखी थोडे दिवस राहू दे तिले."

मी कपबशी विसळली, पिशवीत दोन लुगडी कोंबली अन् जाऊन केबिनमध्ये बसले. आई धावत आली, "अवं, सासऱ्याचा निरोप काय अन् तू काय करून राहिली?" मी म्हटलं, "गाडी बंद पडली तर बसनं परत येतो. भाकर टाकून ठेव."

संत्री भरून ट्रक गावाबाहेर पडला. चढ आला, भरली गाडी गुरगुरत चढली. तेव्हा हे सहज बोलून गेले, "पंप बदलायच्या आधी इथंच दोनदा बंद पडली होती."

"कधी?"

"मागच्या पंधरवड्यात."

"मी तर मायच्या घरी होतो तवा."

"हो ना."

"मग घरी सांगतलं काहून नाही?"

स्टिअरिंगवरची नजर न काढता म्हणाले, "बाबांसमोर कोन बोलन?"

बाई गं! सडक्या संत्र्यांतही मला इतकी किळस आली नव्हती. मिस्त्री परका होता, त्याला सोडून दे. हा माणूस माझ्या ताटाला ताट लावून जेवणारा, ह्याला ठाऊक होतं, अन् हा गप्प राहिला.

बाजारात माल उतरवून घरासमोर आलो तेव्हा भर दुपार. इंजिन इतकं तापलेलं की बॉनेटवर पापड भाजावा. मामाजी ओट्यावर. मला बघून उठलेच, "तुले कोनं आनलं?"

मी खाली उतरले अन् गाडीच्या पुढ्यात, त्या काळ्या बाहुलीसमोर उभी राहिले. ह्यांना म्हटलं, "अजी, बंद करा गाडी."

"राहू दे ना वं."

"बंद करा. अन् मी इथंच उभी असताना सुरू करा."

गल्लीतली माणसं जमली. ह्यांनी बंद केली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात देव नव्हता, तो पंप होता. म्हटलं, बाप्पा पंपा, आता तूच. सेल्फ मारला, अन् गाडी एका दमात धडधडली. धूर माझ्या तोंडावर आला.

मामाजी काय म्हणाले असतील? चुकलो म्हणाले असतील? छे. सगळ्यांकडे बघत म्हणाले, "पाहा, मायच्या घरी राहून पायगुन सुधरला पोरीचा." लोक हसले. सासूबाईंनी ताट आणून ओवाळलं. मला नाही, गाडीला. अन् हेसुद्धा हसले.

मी ती बाहुली ओढून तोडली अन् नालीत टाकली. कुणी अडवलं नाही. त्या घरात मग मी चाळीस वर्षं नांदले, पोरं वाढवली, ह्यांची सेवाही केली. पण त्या दुपारचं ह्यांचं हसू मी विसरले नाही बघ. 

आता तुझ्याकडे येते. तुझ्या गाडीचा कॉम्प्युटर बिघडला होता, तो बदलला, गाडी चालली. हे एवढंच आहे, अन् हे तू तुझ्या तोंडानं सुनेला सांग. मुलगा सांगेल म्हणून वाट बघू नकोस. मग तिला घेऊन ये माझ्याकडे. मागे नको बसवू, पुढच्या सीटवर बसव. आरशाला लिंबूमिरची लटकवली असेल तर फाटकाबाहेरच काढ, माझ्या अंगणात आणू नकोस. पोरीला काय आवडतं ते कळव म्हणजे करून ठेवते. या रविवारीच ये, बाई. फार लांबवू नकोस.