एक निरोप वाचेपर्यंत बाकीचे थांबले

मंडळी, आज भोकरदनला माझाच प्रोग्राम मला नडला.

माझ्या मामांच्या जीपा भोकरदन-जालना चालतात. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांची जोडणी दिवसभर चालू असते. त्यात फोनची लाइन गुंतते, म्हणून निरोपही कॉम्प्युटरवरच येतात. मामांनी बजावलं होतं, "वाचल्याबिगर पुढचा निरोप दाखवू नको." मी तसंच केलं. निरोप आला की चौकट उघडते आणि 'ठीक आहे' दाबेपर्यंत प्रोग्राम पुढचं काही वाचतच नाही.

आज दुपारी जालन्याहून निरोप आला, "गाडीत छत्री राहिली, शोधा." मामा तेव्हा बाहेर "जालना, जालना" ओरडत सीटा भरत होते. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. जीप खच्चून भरली आणि निघाली. मामांनी आत येऊन बटण दाबलं, तेव्हा मागचा निरोप दिसला: "आत्ता आलेला ड्रायव्हर सांगतोय, वाटेत केदारखेड्याच्या फाट्यावर कळा सुरू झालेली बाई उभी आहे. दोन सीटा रिकाम्या ठेवा."

लाइन तुटली नव्हती. निरोप केव्हाचा येऊन पडला होता.

बाई दुधाच्या टेम्पोतून जालन्याला पोचली. सुखरूप आहे.

संध्याकाळी दुरुस्ती केली. आता प्रोग्रामचा एक भाग फक्त निरोप घेऊन रांगेत ठेवतो, दुसरा ते सगळे एकाखाली एक दाखवतो. कोणी कोणासाठी थांबत नाही.

मामांनी विचारलं, "म्हंजी आता निरोप अडकणार न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"अन् मी बाहेर सीटा भरून राह्यलो असलो तर?"

तेवढा भाग कसा लिहायचा, कोणी सांगेल का?