कॅलेंडरवरचं कोरं कपाळ

एका बाईच्या कपाळावरचं कुंकू मी पेन्सिलीनं घालवलं आणि वर, ते तिनंच पुसलं असेल, असं तिच्या नवऱ्याला सांगितलं. पहिली चूक माझ्या हातानं केली. दुसरी मी केली. आजवर हे लिहायला बसलो की दर वेळी हाताच्या चुकीपाशीच थांबत आलो, कारण ती सांगायला सोपी आहे.

तेव्हा मी पंचविशीत होतो. वाशीमला माझा छोटा छापखाना होता. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं यंत्र, मागच्या अंगणात फोटोसाठी टांगलेला पडदा. दिवाळी सरली की फोटोच्या कॅलेंडरांची कामं येत. पंचवीस-तीस प्रतींसाठी कुणी धातूचा ठसा करून घेत नसे. म्हणून मी काचेवर फोटो घ्यायचो आणि त्या काचेखाली कागद धरून उन्हात हव्या तेवढ्या प्रती काढायचो. जाड पुठ्ठ्यावर गिऱ्हाइकाचं नाव छापायचं, मधे फोटो खळीनं चिकटवायचा, खाली तारखांचा गठ्ठा टाचायचा.

त्या वर्षी गावाबाहेर भाजीचा मळा असलेला एक माणूस आला. कापडाच्या दुकानदारानं स्वतःचा फोटो असलेलं कॅलेंडर वाटलं होतं, ते त्यानं पाहिलं होतं.

"शेटचा फोटू भिताडावर चालते, मंग माहा काहून नाई?" तो म्हणाला. "देवाचे फोटू त सारेच देतात."

"एकट्याचा काढू?"

"एकट्याचा कायले? मळा दोघायचा हाये. वांगे बायको तोडते, मी निस्ता मिरवतो."

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. तिच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते. अशा गिऱ्हाइकांसाठी मी पावडरीचा डबा ठेवत असे. तिनं आरशासमोर थोडी पावडर लावली आणि नवऱ्याच्या शेजारी ताठ बसली. त्याला कॅमेऱ्याची इतकी धास्ती की त्यानं मान वळवून तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. निघताना हळूच म्हणाला, "वण जरा कमी करजा. माय म्हणते, असं थोबाड लोकायच्या घरी कायले धाडता."

वण कमी करायची रीत अशी. काचेवर काळं-पांढरं उलटं उमटतं; वणाच्या खळग्यात सावली असते, म्हणून काचेवर तिथं बारीक कोरा ठिपका राहतो. टोकदार पेन्सिलीनं तो भरला की कागदावर कातडी साफ दिसते. लाल रंगही त्या काचेवर कोराच उमटायचा. म्हणजे कुंकूही एक कोरा ठिपका, फक्त जरा मोठा आणि मधोमध. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नवं वर्ष तोंडावर आलं होतं, आणखी दोन कामं अडली होती, आणि मी गालावरून कपाळावर, कपाळावरून हनुवटीवर ठिपके भरत सुटलो. तीस प्रती काढल्या. त्या करपल्या नाहीत ना, कडा सरळ कापल्या ना, एवढंच पाहिलं. चेहरा पाहिलाच नाही.

कॅलेंडरं रिसोडला, आसेगावला, सगळ्या सोयऱ्यांकडे आणि गावातल्या दुकानांतही गेली. आठ दिवसांनी नवरा-बायको दोघं माझ्या दारात उभे. त्यानं एक कॅलेंडर माझ्यासमोर ठेवलं.

"माय म्हणते, नवरा जित्ता असताना हे कपाय कोरं करून बसली. तिचं कुकू कुठी गेलं?"

पाहताक्षणी मला सगळं कळलं. आतल्या फळीवर ती काच होती, तिच्यावर माझ्या पेन्सिलीची खूण होती. आणि मी म्हणालो, "काचेवर जे आलं तेच छापलं. पावडर लावताना पुसलं गेलं असंल."

"मी मेणावर लावलं होतं, दादा," ती म्हणाली. "मेणावरचं असं पुसत नाई."

"मंग मले काय माहीत?" मी हात झटकले.

वर मोठेपणा दाखवत मी म्हणालो, उरलेली आणा, लाल शाईनं टिकली काढून देतो. ती नवऱ्याला म्हणाली, "चला. कागदावर लावून काय होते? माह्या कपायावर होतंच."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिची वाट न पाहता तो पायरी उतरला. त्याला माझं खरं वाटलं होतं.

त्या संक्रांतीला सासूनं तिला हळदीकुंकू करू दिलं नाही, हे माझ्या बायकोनं बाजारातून ऐकून आणलं. मी नुसता हूं म्हणालो. वर्षभर मला कुठे धड बसवेना. मिठाईवाल्याच्या भिंतीवर ते कॅलेंडर होतं, म्हणून मी त्याच्याकडे जाणं सोडलं. न्हाव्याकडे होतं, तर पाठ करून बसू लागलो. कधी यंत्र चालवता चालवता एकदम उठायचो, वहाणा घालायचो, मळ्याच्या वाटेला लागायचो आणि नाल्यापासून परत फिरायचो. वर्ष संपलं, सगळीकडची कॅलेंडरं उतरली, तेव्हा वाटलं सुटलो.

सुटलो नव्हतो. आठ वर्षांनी माझी बायको भाजी घेऊन आली आणि पदर तोंडाला लावून हसत सांगू लागली, "त्या मळेवाल्याच्या बुड्या मायचं अजून सुरूच हाये. सून वजनात चुकली, त म्हणते, फोटूत कुकू पुसणारीवर इस्वास कसा ठेवाव?"

मी बायकोला सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं.

"आठ वर्सं माह्याजवळ बसून जेवले तुमी," ती म्हणाली. "आन् मले सांगून काय होते? तिच्या सासूले सांगा."

पुढच्या बाजारी मी गेलो. म्हातारी तराजू घेऊन बसली होती, सून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी वांगी घेतली आणि निघून आलो. बाजाराच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो.

"आता काय?" म्हातारी म्हणाली. "वांगे किडके निंगाले का?"

"नाई. त्या फोटूचं सांगाचं होतं. सुनेचं कुकू तिनं नाई पुसलं. म्या पुसलं, काचेवर. आन् खोटं बोललो."

म्हातारीच्या हातातला तराजू खाली टेकला. "आता सांगून राह्यले? आठ वर्सं म्या हिले..." आसपासच्या दोन-तीन भाजीवाल्या माना वळवून पाहू लागल्या.

सुनेनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या बायायले ऐकू नाई आलं. जरा मोठ्यानं सांगा."

मी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, तुमच्या कपायावर कुकू होतं. ते म्या पुसलं, आन् आपली चूक झाकाले तुमाले खोटं पाडलं. तुमी खरं बोलत होत्या. मले माफ करा."