आमच्या संग्रहात कोणी मरत नव्हतं

नातवंडांनो, मेडशीच्या घरातली लोखंडी पेटी आता आपल्या वाशीमकडच्या मालेगावला आली आहे, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंच असेल. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं असणार. ती कशी आली ते मी नीट लिहून ठेवते आहे, कारण पुढेमागे तुम्ही ते कागद पाहायला याल, तेव्हा मोठी आजी काय काय बोलली हे सांगायला ती किंवा मी असूच असं नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण मोठ्या आजीचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. मी एकदा लिहून पाहिलं, तर ती भलतीच सभ्य बाई वाटायला लागली.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा घर तिच्या हातात होतं, आणि ते अजून तिच्याच हातात आहे. मी नोकरीसाठी मालेगावला राहिले, शाळेत इंग्रजी शिकवलं. ती मेडशीतच राहिली. निवृत्त झाल्यावर मी आणि माझी एक मैत्रीण वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसू लागलो. ही मैत्रीण माझ्याच शाळेत गणित शिकवायची. तिचे वडील एकेकाळी मेडशीच्या शाळेत गुरुजी होते. वाचनालयानं ती खोली तालुक्याचे जुने कागद ठेवायला दिली आहे. लोक घरातले कागद आणून देतात, आम्ही ते झटकतो, गंजलेल्या टाचण्या काढतो, रबरबँड सोडवतो (आमच्याकडच्या उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटतं), सुती फितीनं बांधतो आणि डब्यात ठेवून यादी करतो. काही लोक प्रेमानं लॅमिनेशन करून आणतात. त्यांना कसं सांगावं ते मला अजून जमलेलं नाही. मैत्रीण सांगते, "दादा, कागदाचा श्वास कोंडला ना." दादा बिचारे ओशाळतात.

एके दिवशी यादी तपासता तपासता ती म्हणाली, "मॅडम, आपल्या तालुक्यात कोणी मरत नाही वाटते."

मी पाहिलं, तर खरंच. लग्नपत्रिका ढीगभर होत्या. बारशाची निमंत्रणं, शाळेचे दाखले, खरेदीखतं, बैलबाजाराच्या पावत्या, सगळं होतं. तेरवीची पत्रिका एकही नव्हती. त्याचं कारण आम्हा दोघींनाही माहीत होतं, फक्त कधी असं डब्यांसमोर बसून लक्षात आलं नव्हतं. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्याकडे मरणाचं पत्र घरात ठेवत नाहीत. पूर्वी काळ्या काठाचं कार्ड आलं की अंगणातच उभ्यानं वाचायचं, फाडून टाकायचं आणि हात धुवून आत यायचं. माझ्या माहेरीही तसंच होतं. लग्नपत्रिका मात्र हळदकुंकू लागलेली, वर गणपतीचं चित्र असलेली, म्हणून ती टाकायची सोय नाही. ती पेटीत जाते आणि राहते.

मैत्रीण जरा वेळानं म्हणाली, "आमच्या बाबांनी ठेवल्या होत्या. सगळ्याच. वाशीमला भावाकडे गठ्ठा आहे. आणते."

त्याच पावसाळ्यात मेडशीच्या जुन्या घराचा मागचा भाग पाडून स्लॅब टाकायचं ठरलं आणि मोठ्या आजीनं पेटी रिकामी करायला काढली. मला फोन आला की कागद गणपतीबरोबर धरणात सोडायचे आहेत, तुला काही पाहायचं असेल तर ये. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेले.

पेटी ओसरीवर होती. मी चटईवर बसून एकेक कागद पाहत, यादी करत गेले. मोठी आजी तुरीचं बी निवडत माझ्याकडे बघत होती.

"भंगारवाली झाली व तू," ती म्हणाली. "इतकी शिकून."

"बाई, हे पाण्यात नका सोडू. मला द्या. चांगले ठेवीन."

"तुमच्या तेथ मरणाचे कागद बी ठेवतेत म्हणते."

"मिळाले तर ठेवतो."

"मंग माह्या लग्नाची पत्रिका त्याच्या बाजूले ठेवशीन?"

"एका खोलीत राहतील, बाई. वेगळ्या डब्यात."

"एका खोलीत," ती म्हणाली आणि सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "मंग पाण्यातच बरं. पाणी सगळं धुते."

मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही. मी यादी पुरी केली. सासऱ्यांच्या नावाची खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, चारही मुलांचे शाळेचे दाखले, तिच्या लग्नाची पत्रिका, माझ्या लग्नाची पत्रिका, नणंदांच्या पत्रिका. उठायच्या वेळी मी पुन्हा वरून खाली नजर फिरवली आणि माझ्या ध्यानात आलं की सासूबाईंचं नाव कुठेच नाही. त्यांचं लग्न झालं तेव्हा पत्रिका छापत नसत. शेत त्यांच्या नावावर नव्हतं. शाळेत त्या गेल्या नव्हत्या. सासऱ्यांच्या आधीच त्या गेल्या, त्यामुळे वारस म्हणूनही त्यांचं नाव कागदावर चढलं नाही. ज्या बाईनं ते घर उभं केलं, ती त्या पेटीत नव्हती.

मोठ्या आजीला मी ते तेव्हा सांगितलं नाही. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचं सगळं तिनंच केलं होतं; मी सुट्टीच्या दिवशी येणारी सून. तिला असं काही सांगायचा माझा अधिकार नाही असं मला वाटलं. मी एवढंच म्हटलं, "बाई, एकदा खोली येऊन पाहा. मग नाही म्हणा."

"यीन," ती म्हणाली. "पोरगी द्यायच्या आधी घर पाह्यतच असते माणूस."

आणि ती खरंच तशीच आली. नवं लुगडं नेसून, एसटीनं, मालेगावच्या स्टँडवरून ऑटोही न करता चालत. खोलीत आल्यावर आधी तिनं छताकडे पाहिलं. मग भिंतीला हात लावून ओल आहे का ते पाहिलं. फळ्यांच्या मागे वाकून उंदराच्या लेंड्या शोधल्या. झाडतं कोण, किल्ली कोणाकडे असते, रात्री वीज गेली तर काय करता, सगळं विचारून झालं. डबे उघडायला लावले आणि एक झाकण परत लावून पाहिलं, घट्ट बसतं का. मला वाटलं, आता ही मुलाचा पगार विचारणार.

मैत्रीण टेबलाशी बसून वडिलांचा गठ्ठा लावत होती. वाशीमहून तो त्याच आठवड्यात आला होता. मोठी आजी तिच्या खांद्यावरून बघत उभी राहिली. एक लग्नपत्रिका, तिच्याखाली काळ्या काठाचं कार्ड, त्याखाली पुन्हा लग्नपत्रिका. जसं आलं तसं.

"हे लग्नाचं अन मरणाचं एकाच गठ्ठ्यात?"

"हो मावशी. बाबांनी आलं तसं ठेवलं."

"तुमच्यात चालत असन. आमच्यात नाई चालत."

मैत्रीण रागावली नाही. तिला असली वाक्यं ऐकायची सवय आहे, याचं मला बरं वाटत नाही, पण आहे. तिनं विचारलं, "मावशी, तुमी मेडशीच्या ना?"

"हाव."

"मग गुरुजी आठवतात का तुमाले? माह्ये बाबा."

मोठ्या आजीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "गुरुजीची पोरगी व्हय तू? माह्या दिरायले त्याईनंच शिकवलं."

"शिकवलं ना. म्हणून तर तुमच्याकडून पत्र आलं होतं." तिनं गठ्ठ्यात थोडं खाली बोट घातलं आणि एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

ती सासूबाईंच्या तेरवीची पत्रिका होती. मागच्या बाजूला गुरुजींचं नाव आणि पत्ता, तुमच्या आजोबांच्या अक्षरात. ते अक्षर मी लगेच ओळखलं.

मोठ्या आजीनं कार्डाला हात लावला नाही. तिनं चष्मा लावला, वाकली आणि हात पाठीशी ठेवून ते वाचायला लागली. ती वाचते हळू, एकेक शब्द ओठांनी. सासूबाईंचं पूर्ण नाव तिथं छापलेलं होतं. आम्ही दोघी जावा त्यांना आत्याबाई म्हणायचो. ते नाव तिनं आयुष्यात तोंडानं घेतलं नव्हतं. ते वाचताना तिचे ओठ थांबले आणि नाव ओलांडून पुढे गेले.

"उरलेल्या पत्रिका म्याच चुलीत घातल्या होत्या," ती म्हणाली. "एक बी ठेवली नाई."

मग मी तिला पेटीचं सांगितलं. त्यात सासऱ्यांचं नाव किती कागदांवर आहे आणि आत्याबाईंचं एकाही कागदावर नाही, हे. तिनं ऐकून घेतलं.

मग तिनं मैत्रिणीला विचारलं, "गुरुजीनं हे घरात कायले ठेवलं? भेव नाई वाटलं?"

"मावशी, माह्या आजोबाच्या नावानं जन्मात एक कागद आला नाही," मैत्रीण म्हणाली. "बाबाच्या नावानं पहिल्यांदा टपाल यायला लागलं. 'श्री' लावून, 'गुरुजी' लिहून. ते म्हणायचे, ज्यानं माझं नाव लिहून पाठवलं, त्याचा कागद मी फाडणार नाही. मग लग्न असो का तेरवी असो."

मोठी आजी खुर्चीवर बसली. "तेरवीले आलते गुरुजी," ती म्हणाली. "बाहेरच्या वट्ट्यावर बसले होते. म्या वाढलं होतं त्याईले."

"सांगायचे ते."

"आत कोणी बोलावलं नाई त्याईले."

"हेही सांगायचे," मैत्रीण म्हणाली. आवाजात काही धार नव्हती, पण तिनं ते वाक्य गिळलंही नाही. मोठ्या आजीनं मान हलवली. मी चहा आणायला बाहेर गेले, कारण त्या खोलीत मी थोडी जास्तीची झाले होते.

परत आले तेव्हा बोलणं दुसरीकडे गेलं होतं. मोठ्या आजीला एक गोष्ट पक्की करून हवी होती.

"माह्यी पत्रिका कोण ठेवीन?"

"मी ठेवीन, बाई."

"तू का माह्या मांगं राह्यणार हायस? दमा तर तुलेच हाय."

मैत्रीण हसली. म्हणाली, "आमच्यानंतर जे कोणी इथं बसतील ते ठेवतील, मावशी. डब्यावर लिहून ठेवतो."

"मंग ऐक," मोठी आजी मला म्हणाली. "पेटी देतो. पण लग्नाचं वेगळ्या कागदात गुंडाळायचं अन वर ठेवायचं. मरणाचं खाली. मधात कोरा कागद टाकायचा."

आमचा नियम असा आहे की एका घरचे कागद एका डब्यात, आणि त्यांचा आला तो क्रम मोडायचा नाही. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी नियमांची किती पक्की आहे ते तिला माहीत आहे. मी म्हटलं, "ठेवते, बाई." डबा एकच राहतो, क्रम यादीत लिहून ठेवता येतो, आणि कोऱ्या कागदानं कोणाचं काही बिघडत नाही. आत्याबाईंचं कार्ड मात्र गुरुजींच्या गठ्ठ्यातच राहील, असं ठरलं. ते त्यांना आलेलं पत्र आहे. आमच्या घरच्या डब्यात त्याची प्रत घातली आहे आणि मूळ कुठे आहे ते त्यावर लिहिलं आहे.

गणपती बसायच्या आधी पेटी आली. मोठ्या आजीनं झाकणावर स्वस्तिक काढून पाठवली होती, कुंकू ओलं असतानाच, त्यामुळे ते सगळं ऑटोवाल्याच्या शर्टाला लागलं. आतले कागद सुके होते, नशीब.

मला वाटलं, इथं हे संपलं. पण दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"तुह्यं टपाल येऊन पडलं, घेऊन जाय."

"माझं कसलं टपाल?"

"तेच. मरणाचं."

कोणाकडची तेरवीची पत्रिका आली की मोठी आजी आता ती फाडत नाही. घरात आणायचा प्रश्नच नाही. ती गोठ्याच्या खुंटीला अडकवलेल्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत टाकते आणि हात धुवून घरात जाते. शेजारणींनी विचारलं तेव्हा तिनं त्यांनाही सांगितलं. आता त्याही आणून टाकतात. मी महिन्यातून एकदा जाते. मलाही ती गोठ्यातून सरळ घरात येऊ देत नाही. आधी पिशवी बाहेर ठेवायची, हातपाय धुवायचे, मग चहा.

मागच्या खेपेला गेले तर ती एका पत्रिकेवरून तापलेली होती. वरच्या आळीतली म्हातारी गेली होती आणि मुलानं फोनवर फिरणाऱ्या नमुन्यातून पत्रिका छापून घेतली होती.

"नाव तर छापलं," ती म्हणाली. "माहेर नाई छापलं. बाई का आभाळातून पडली? म्या पोट्ट्याले बोलावून घेतलं."

"काय म्हणाला तो?"

"म्हणे, मोठी माय, आता तर तेरवी होऊन गेली. म्या म्हटलं, मंग हातानं लिही. इथी गोठ्यातच उभा राहून लिहिलं त्यानं."

मी पत्रिका पाहिली. म्हातारीच्या छापील नावाखाली निळ्या शाईत, जरा तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : माहेर आसेगाव.