सोफ्याचं सोवळं

माझ्या सासरी सर्वांत जास्त कपडे सोफ्याला होते. नागपूरच्या मे महिन्यात माणसं अंगावरचं आणखी काय काढून ठेवता येईल या विचारात असतात, आणि आमच्या बैठकीतला सोफा मात्र नखशिखांत पांघरलेला. आत खरं कापड मोरपंखी मखमल. त्यावर नाड्यांनी बांधलेली पांढरी खोळ. खोळीवर क्रोशाचे रुमाल, आणि या सगळ्यावर एक जुनी चौकड्यांची चादर. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बढती मिळाल्यावर तो सागवानात करवून घेतला होता. सासूबाईंच्या माहेरी किंवा सासरी तोवर कोणाकडेच सोफा नव्हता. त्यामुळे तो बसण्यासाठी असतो ही गोष्ट त्यांनी कधी मनावरच घेतली नाही.

पाहुणा फाटकाशी दिसला की सासूबाई खिडकीतूनच त्याची पारख करत आणि मला हुकूम सुटे. शेजारीपाजारी, वर्गणीवाले, दूरचे नातेवाईक असले तर "राहू दे." हे सगळे चादरीवर बसत. मामाजींच्या कचेरीतली माणसं किंवा डॉक्टर आले तर "चादर काढ वं." त्यांना क्रोशाचे रुमाल बघायला मिळत. खोळ काढण्याचा मान माझ्या देखत एकदाच कोणाला मिळाला, तो कचेरीतल्या मोठ्या साहेबांना. आम्ही दोघींनी सकाळपासून मखमलीवरून ब्रश फिरवला होता. साहेब दारातच उभे राहिले, घाईत आहे म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता गेले. सासूबाई मग कितीतरी वेळ त्या उघड्या मखमलीकडे बघत बसल्या. जमिनीवर.

या सोफ्याची सगळी उस्तवार माझ्याकडे होती. सुनेनं सासू-सासऱ्यांसमोर सोफ्यावर बसायचं नाही, असा रिवाज. झटकायचा, पुसायचा, धुवायचा मात्र तिनंच. गाद्या उचलून खालचा चिवडा, शेंगदाण्याची टरफलं आणि मामाजींची हरवलेली सुपारी काढायची. कडेच्या शिवणीत अडकलेली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं ओढून काढायची. गाद्या अंगणात नेऊन काठीनं बडवायच्या, पण मखमलीची बाजू उन्हाकडे करायची नाही, रंग उडतो. डोक्याच्या तेलाचा डाग पडला तर त्यावर कोरडं बेसन दाबून ठेवायचं आणि मग ब्रशनं झटकायचं. खोळी रिठ्याच्या पाण्यात. गाद्यांखाली वाळलेला कडुनिंबाचा पाला. बडवण्याचं काम मी फार मन लावून करत असे. घरातल्या कोणावर राग असेल त्या दिवशी तर गाद्या विशेष स्वच्छ निघत.

एक नियम सगळ्यांत कडक होता. पाहुणा उठला की गादीला खळगा पडतो, आणि तो तसाच राहू दिला तर गादी कायमची बसते, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून पाहुणा फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच गादी पलटवायची, थापा मारायच्या आणि सारखी करायची. एकदा शेजारचे काका छत्री विसरले म्हणून परत आले, तर मी त्यांच्या जागेवर धपाधप मारत होते. ते छत्री उचलून आल्या पावली परत गेले. नंतर बरेच दिवस ते आमच्याकडे आले की उभ्यानंच बोलायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, जोवर माझे बाबा पहिल्यांदा आले नव्हते.

आमचं गाव कुहीच्या पलीकडे. बाबा धानाची शेती करणारे. लग्नानंतर ते पहिल्यांदा लेकीला भेटायला आले, तेव्हा एसटीतून उतरून धुळीनं माखलेले होते. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मला कुठलाच हुकूम दिला नाही. स्वतः उठल्या आणि आतून लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आल्या. "बसा इवाई," त्या म्हणाल्या. आमच्याकडे व्याह्यांना इवाई आणि विहिणीला इनबाई म्हणतात. "या खुर्चीवर थंडं वाटते." मे महिन्यातलं लोखंड! बाबा बसले. समोर तो चादर पांघरलेला सोफा रिकामा पडला होता. बाबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग पाण्याच्या पेल्याकडे बघितलं आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. मला चहा गाळता येईना, डोळ्यांसमोर काही दिसतच नव्हतं. त्यांना चादरीचाही मान नव्हता! त्या दिवशी मी ठरवलं, माझा बाप या सोफ्यावर बसेल, आणि तोही मखमलीवर.

भांडून काही होणार नव्हतं. सासूबाईंशी भांडणात मामाजीही कधी जिंकले नव्हते. मी वाट बघितली. पुढच्या उन्हाळ्यात गावाकडचा एक माणूस सांगून गेला की बाबा उद्या दुपारच्या गाडीनं चिन्नोर तांदूळ घेऊन येताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आल्याबरोबर मी चादर, खोळी, रुमाल, सगळं काढून रिठ्याच्या पाण्यात बुडवलं. सासूबाई खूश झाल्या. सून वळणावर येते आहे, असं त्यांना वाटलं असावं. लोखंडी खुर्ची मी अंगणात भर उन्हात नेऊन ठेवली आणि तिच्यावर रुमाल वाळत घातले. बाबा येईपर्यंत त्या खुर्चीवर पापड भाजता आले असते.

सगळं जमलं होतं, फक्त मी एक गोष्ट विसरले होते. नागपूरच्या मे महिन्यात ओलं काही ओलं राहत नाही. शेवटची खोळ दोरीवर टाकून मी मागे वळले, तर पहिली वाळून कडक झाली होती. गाडी यायला अजून अर्धा दिवस होता. आता या खोळी आत जाणार, नाड्या बांधल्या जाणार, वर चादर येणार, आणि बाबा पुन्हा खुर्चीवर. मी आजूबाजूला पाहिलं आणि सगळं काढून परत बादलीत टाकलं.

जरा वेळानं सासूबाई ओसरीवर आल्या. "काहून वं, धुतलेलंच धुऊन राहिली?"

"हळदीचा डाग गेला नाही, आई."

"कुठं हाय? मले तं दिसत नाही."

"ओलं असलं की दिसत नाही. वाळल्यावर दिसते."

त्या आत गेल्या. मी वाळायची वाट पाहिली आणि पुन्हा भिजवलं. नळ केव्हाच गेला होता, म्हणून संध्याकाळसाठी भरून ठेवलेल्या ड्रमात हात घातला. सासूबाई पुन्हा आल्या, ड्रमाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. ते बघणं मला आवडलं नाही. पण आता थांबणं शक्य नव्हतं.

फाटक वाजलं तेव्हा खोळी दोरीवर टपटप गळत होत्या. बाबा तांदळाची थैली खांद्यावर घेऊन उभे होते. सासूबाई झटकन आतल्या खोलीत गेल्या आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ट्रंकेतल्या जास्तीच्या चादरी! एवढी मी हुशार, पण ट्रंकेचा विचारच केला नव्हता. मी बाबांच्या खांद्यावरून थैली अक्षरशः ओढून घेतली आणि त्यांना बैठकीत ढकललं. "बसा बाबा, लवकर बसा."

बाबा सोफ्यासमोर थबकले. खिडकीतून आलेल्या उजेडात मखमल अशी काही चमकत होती की ती बडवणारी मी, पण मलाही नवी वाटली. "लय चांगला हाय वं सोफा," ते म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टा काढला. माझ्या आईनं नीळ घालून, घडी करून दिलेला, लग्नाकार्यात वापरायचा. तो त्यांनी मखमलीवर नीट पसरला, सुरकुत्या काढल्या, आणि त्यावर अगदी कडेला, अर्धे बसले.

मला इतका राग आला! सासूबाईंचा नाही, बाबांचाच. दिवसभर मी ते पांघरूण काढायला झगडत होते आणि ते स्वतःचं पांघरूण घेऊन आले होते. राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. दारात सासूबाई हातात चादर घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही सगळं पाहिलं होतं.

"इवाई," त्या म्हणाल्या, "तो दुपट्टा उचला आधी."

बाबा घाईनं उठले. "काहून इनबाई? धुळीतून आलो मी. सोफा खराब होईन तुमचा."

"तुमचा दुपट्टा चुरगळून राहिला ना. सोफ्याचं काय हाय, त्याले धुवाले तुमची पोरगी हाय. सकाळपासून धुऊनच राहिली बिचारी." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "वाळलं की भिजवते, वाळलं की भिजवते. मले काय समजत नाही?"

बाबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी दुपट्टा खांद्यावर घेतला. सासूबाई म्हणाल्या, "आता टेकून बसा." आणि माझे बाबा मखमलीवर टेकून बसले. दोन्ही हात सोफ्याच्या हातांवर. चहा प्यायले, मामाजी कचेरीतून आल्यावर त्यांच्याशी तांदळाचं बोलले. मी दाराआडून बघत होते आणि उगीचच हसत होते.

संध्याकाळी मामाजी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. फाटक लागलं. सवयीनं माझा हात गादीकडे गेला. मधोमध खोल, ऐसपैस खळगा पडला होता. मी हात मागे घेतला आणि त्या खळग्यात जाऊन बसले. जागा अजून गरम होती.

तेवढ्यात सासूबाई आल्या. उठायला हवं होतं, पण मी उठले नाही. त्यांनी मला पाहिलं, हातातल्या चादरीची घडी मांडीशी धरली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, हळूच, मखमलीवर बसल्या. एकदा हलून बघितलं. मग मागे टेकल्या.

"मऊ हाय वं," त्या म्हणाल्या.

बाहेर दोरीवर खोळी केव्हाच वाळल्या होत्या. आणायला कोणीच उठलं नाही.